पद्धत नंबर दोन

“पुसलेलं परत आण,” म्हणून बजाबाईंनी फोन काउंटरवर ठेवला आणि स्टुलावर बसून घेतलं. काम होईपर्यंत त्या उठणार नाहीत, हे ताबीशला स्टुलाच्या आवाजावरूनच कळलं.

जुळे सोलापुरातल्या त्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात पाण्यात पडलेले फोन येत. एकदा वरणात पडलेलाही आला होता. पण चटणीसाठी फोन पहिल्यांदाच आला.

प्रकरण असं होतं. मंद्रूपचा महिला बचत गट शेंगा चटणीची पाकिटं काढणार होता. पाकिटावर नाव पडणार होतं बनाबाईंचं. बनाबाई म्हणजे बजाबाईंची थोरली जाऊ. आणि चटणी आपल्या हातची आहे, असं बजाबाई गेली तीस वर्षं स्वतःच्या स्वयंपाकघरात मोठ्यानं सांगत आल्या होत्या. सोमवारी मात्र फोनवर खुद्द बनाबाईच बोलून गेल्या, “बजे, खरं सांगू? चटणी तुझीच गं.” फोनने ते रेकॉर्ड केलं. बनाबाईंचा मुलगा मानसिंग म्हणाला, “काकी, पुरावा ऐकव, तुझं नाव छापतो. लेबल आज संध्याकाळी छपाईला जातंय.”

“मग पुसलं कसं, मावशी?”

“पुसलं कुटं? जपून ठेवलं. खाली डब्याचं चित्र हुतं. डब्यात टाकलं.”

“तो कचऱ्याचा डबा होता.”

“झाकण तर चांगलं हुतं.”

ताबीशने फोनमधला तो डबा उघडून पाहिला. बजाबाईंनी तोही रिकामा केला होता. उष्टा डबा घरात ठेवायची त्यांना सवय नव्हती.

“आता फोन रूट करावा लागेल,” तो म्हणाला. “म्हणजे कंपनीनं आपल्याला ओसरीवर बसवलंय. आपण थेट माजघरात शिरायचं. तिथं पुसलेलं थोडंफार सापडतं.”

“मग शीर की.”

“पद्धती तीन आहेत. पहिली, एक अ‍ॅप येतं. एकच बटन दाबायचं. पण ते अ‍ॅप कुणी केलंय हे त्याच्या आईलाही माहीत नसतं. माजघरात आपल्याबरोबर तेही शिरतं आणि तिथंच राहतं.”

“नको. दुसरी?”

“दुसरी कंपनीचीच. कुलूप रीतसर उघडायचं. एकदम सेफ. फक्त कुलूप उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं.”

बजाबाईंनी त्याच्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. “म्हंजे चटणी शोधायला आदी डबा धुवायचा?”

“तसंच.”

“आणि तिसरी?”

ताबीशने दुकानाच्या दाराकडे बोट दाखवलं. वाऱ्याने दार लागू नये म्हणून तिथे एक फोन आडवा लावला होता. “तिसरीत बाहेरून फाइल चढवायची. त्यात दुसऱ्या मॉडेलची चढली, तेव्हापासून तो दारालाच आहे.”

बजाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. “सून हसती मला,” त्या हळूच म्हणाल्या. “म्हंती, आत्या, तुमचं नाव रेशनकार्डावर हाय की, आणिक कशाला पायजे? एकदा पाकिटावर बगायचं हुतं रे.”

ताबीशला वाईट वाटलं. वाईट वाटलं की त्याचं डोकं चालायचं. म्हणून तर धंदा जेमतेम होता.

“मावशी, बनाअक्कांचा फोन कुठला?”

“असलाच. मानसिंगनं दोगींना एकाच रंगाचे घेतले. भांडान नको म्हनून.”

“आणि रेकॉर्डिंग?”

“तेबी त्यानंच दोगींचं चालू करून दिलं. कोन काय बोललं त्याच्यावरनं भांडान नको म्हनून.”

“मग माजघर कशाला? बोलणं दोन्ही टोकांना असतं! अक्कांकडून मागवा.”

बजाबाईंनी देवाचं नाव घेऊन फोन लावला. “अक्का, सोमवारचं आपलं बोलनं हाय का तुमच्याकडं? पाटवा की जरा.”

“पाठवते की,” बनाबाई म्हणाल्या. “नातीला सांगते. पन समदं ऐक बरं का.”

दोन मिनिटांत रेकॉर्डिंग आलं. स्वतःविरुद्धचा पुरावा एवढ्या तत्परतेनं कुणी पाठवत नाही, हे ताबीशला नंतर सुचलं. तोवर त्याने आवाज मोठा केला होता. काचेचं गार्ड लावायला आलेले एक मास्तरही जवळ सरकले.

‘बजे, खरं सांगू? चटणी तुझीच गं.’

बजाबाईंनी मास्तरांकडे विजयाने पाहिलं.

मग फोनमधून बजाबाईंचाच आवाज आला, लाजून हसत. ‘माजी कसली ओ अक्का? दाने तुमी भाजता, कांडता तुमी, तिकट-मीट तुमच्या हातचं. मी आपली लसून सोलून उटते.’

रेकॉर्डिंग संपलं. मास्तर पुन्हा गार्ड बघू लागले.

“ते मी रीत म्हनून बोलले,” बजाबाई म्हणाल्या. “थोरलीनं कौतुक केल्यावर धाकटीनं व्हय म्हनायचं असतंय व्हय?”

“आणि अक्का?”

“अक्का मनापासून बोलल्या.”

त्यांनी फोन उचलला. डब्याचं चित्र नीट शोधलं आणि रेकॉर्डिंग त्यात टाकलं. मग डबा रिकामा केला. या वेळी चूक नव्हती. पिशवी खांद्याला लावून त्या दारापर्यंत गेल्या, आडव्या फोनपाशी थांबल्या आणि वळल्या.

“ताबीश, ती दुसरी पद्दत. समदं पुसून जातंय म्हनालास, ती खरंच सेफ हाय न्हवं?”

“शंभर टक्के. पण मावशी, तुमचे फोटो, नंबर, सगळं जाईल.”

“माजं कशाला जातंय? अकराची मंद्रूपची गाडी हाय. संध्याकाळच्या आत अक्काचा फोन घिऊन येते.”