झाकणाखालच्या चिठ्ठ्या

"आधी तुमची ती टिकटिक बंद करा," काकू म्हणाल्या. "आत अभ्यास चाललाय."

घड्याळकाकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. भिंतीवर अकरा घड्याळं होती, दुरुस्त होऊन गिऱ्हाइकांची वाट बघणारी. चाळीस वर्षांत त्यांच्या आवाजाबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता. पण परीक्षा ती परीक्षा. काका स्टुलावर चढले आणि एकेक लंबक हाताने धरून थांबवला.

परीक्षेचं त्यांना तसं ओघानेच कळलं होतं. आतल्या खोलीत टेबलावर कव्हरं घातलेली पुस्तकं दिसली, म्हणून त्यांनी सुनेला विचारलं, "परीक्षा आहे वाटतं?"

"हो बाबा. मागच्या वेळी दोन पेपर राहिले. या वेळीही राहिले तर पुन्हा बसायचा धीर व्हायचा नाही."

ऑफिसातल्या बढतीची असणार, काकांनी धरलं. सुनेच्या कामात नाक खुपसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मुलगा नोकरीसाठी परगावी. तेव्हा या पोरीच्या अभ्यासाची काळजी आता आपली, एवढं मात्र त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

सून सहाला ऑफिसातून यायची, चहा घ्यायची, आणि सातला आतल्या खोलीचं दार लागायचं. काकूही आत बसायच्या. "एकटी असली की डुलक्या काढते," असं त्यांचं म्हणणं. नऊला दार उघडलं की काका पुन्हा अकरा घड्याळं लावत बसायचे.

आठवडाभराने त्यांनी विचारलं, "कसं काय चाललंय?"

"लक्ष टिकत नाही," सून म्हणाली. "पान डोळ्यांपुढे आणि मन स्वयंपाकघरात."

"मग स्वयंपाकघर मी बघतो."

"बघा की," काकू म्हणाल्या. "कुठे आहे ते दाखवू का?"

सून तोंडावर हात धरून आत पळाली. काकांनी मात्र दुसऱ्या दिवसापासून खरोखरच भांडी घासायला घेतली. एक कप फुटला, तेवढंच.

एका दुपारी काकू त्यांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. काका एका मनगटी घड्याळाची चाकं चिमट्याने काढत होते.

"तुमचं कसं हो लक्ष लागतं?" काकूंनी विचारलं. "चार-चार तास मान वर करत नाही तुम्ही."

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. काका जरा गोंधळले.

"लागत नाही गं. पळतं. पळालं की परत आणायचं, एवढंच. दिवसातून शंभरदा."

"तुमचंसुद्धा?"

"माझंसुद्धा. वेंधळाच आहे मी."

काकूंनी टेबलावरच्या छोट्या काचेच्या घुमटाकडे बोट केलं. "आणि हे कशाला?"

"सुटे भाग झाकायला. हातात एकच चाक घ्यायचं, बाकीची काचेखाली. ती हरवत नाहीत, आणि मध्ये लुडबुडतही नाहीत." बोलता बोलता काकांना सुचलं. त्यांनी खणातून दुसरं काचेचं झाकण काढलं, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने पुसलं. "हे घेऊन जा आत. अभ्यासात मध्येच काही आठवलं की चिठ्ठीवर लिहायचं आणि याच्याखाली सरकवायचं. नऊ वाजेपर्यंत तिकडे बघायचं नाही. आणि तिला सांग, मी उघडून वाचणार नाही."

"सांगते," काकू म्हणाल्या, आणि झाकण दोन्ही हातांनी धरून आत गेल्या.

उपाय लागू पडला म्हणायचा. आतून पाठांतराची पुटपुट ऐकू येऊ लागली. एकदा तर साडेनऊ झाले तरी दार उघडेना. काकांनी घड्याळं तशीच थांबलेली राहू दिली.

परीक्षेच्या सकाळी सुनेने रजा टाकली. काकूही ठेवणीतले कपडे करून निघाल्या. "मी आपली सोबत म्हणून जाते."

काका सुनेला म्हणाले, "घाबरायचं नाही. येतं ते आधी लिहायचं."

"आईंना सांगा, बाबा. हात बघा त्यांचे, गार पडलेत."

"वा," काका बायकोला म्हणाले. "तू सोबतीला निघालीस आणि तूच घाबरलीस, तर तिने कुणाकडे बघायचं?"

काकूंनी मान हलवली आणि चपला घातल्या.

दोघी गेल्यावर काका कामाला बसले. एकच स्क्रू तीनदा हातातून निसटला. डोळे चुरचुरत होते. शेवटी ते उठून आतल्या खोलीत गेले. झाकणाखाली चिठ्ठ्या दाटीवाटीने कोंबलेल्या होत्या. शब्द दिला होता खरा; पण पोरीला कसला घोर आहे ते कळलं, तर तो हलका तरी करता येईल. त्यांनी काच उचलली.

"गॅस बंद केला का?"

"यांचे डोळे दुखतात. सांगत नाहीत."

मुलाचे डोळे? फोनवर तो काही बोलला नव्हता. संध्याकाळी विचारायला हवं. काकांनी पुढची चिठ्ठी घेतली.

"सूनबाई ऑफिसातून दमून येते आणि माझ्यासाठी दोन तास बसते."

ती त्यांनी दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली. मग शेजारची उचलली. अक्षर तेच, मोठं, ओळ सोडून वर चढत गेलेलं.

"पास झाले तर यांना सांगायचं. नाहीतर मी आपली सोबत म्हणून गेले होते."