खुणेच्या वर

बाबांच्या जुन्या मोटारीच्या डिपस्टिकवर, तेल मोजायच्या पट्टीवर, तेल खुणेच्या वर होतं. चांगलं बोटभर वर. तिने पट्टी फडक्याने पुसली, परत आत घातली, बाहेर काढली. तेवढंच.

“बघितलंस?” बाबा मागून म्हणाले. “दोन महिने झाले. थेंब घातला नाही आणि थेंब उतरला नाही. तुझं ट्रॅक्टरचं तेल म्हणजे अमृत निघालं.”

ती हसली नाही. बेचाळीस वर्षांचं इंजिन तेल पितं. हे तर महिन्याला लिटरभर प्यायचं. त्याची तहान अचानक मेली असेल, तर आत दुसरं काहीतरी उतरत होतं.

तेल तिनेच निवडलं होतं. बाबा खास जुन्या गाड्यांसाठीचं म्हणून विकलं जाणारं तेल आणायचे. डब्यावर सोनेरी गाडीचं चित्र, आणि पेन्शनला न झेपणारी किंमत. मग तिने आठ तेलांची माहितीपत्रकं जमवून तक्ता केला. जुन्या इंजिनाला तेलात जस्त लागतं. नव्या मोटारींच्या तेलात ते कमी केलेलं असतं, ट्रॅक्टरच्या या साध्या तेलात मात्र भरपूर होतं. किंमत एक तृतीयांश. लिटरच्या बारा निळ्या डब्यांचा खोका घेतला, चार डब्यांत इंजिन भरलं. “चित्राचे पैसे वाचले,” बाबा म्हणाले होते.

आता त्या तक्त्यात आपलं काय चुकलं, ते तिला शोधायचं होतं. आणि आजच. उद्यापासून प्रयोगशाळेत तिची सकाळची पाळी सुरू होत होती. तिच्या सहा वर्षांच्या मुलीला, भिंगरीला, शाळेत सोडायचं काम आजोबांनी हौसेने मागून घेतलं होतं. शाळा टेकडीपलीकडे, वाटेत उताराची तीन वळणं. तेलात पेट्रोल झिरपत असेल, तर तेल पातळ होतं. मग इंजिन भर रस्त्यात जाम होतं. पुढचं ती मनातही पूर्ण करत नव्हती.

“डॉक्टरीणबाई, रोगी जगेल ना?” बाबांनी विचारलं.

“दोन महिन्यांत तुम्ही खरंच काही घातलं नाही?”

“चार डबे ओतले, आठ खोक्यात आहेत. तीस वर्षं लोकांचे तराजू तपासले मी. आता मलाच मोजायला शिकव.”

ते वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांनी मोजलेलं घरात कोणी परत मोजत नसे. तिनेही पुढे विचारलं नाही.

प्रयोगशाळेतून आणलेला गाळणकागद तिने बॉनेटवर पसरला आणि तेलाचा एक थेंब सोडला. पेट्रोल असतं, तर भोवती फिकट, रुंद कडं उमटलं असतं. ती दहा मिनिटं वाट बघत राहिली. कडं उमटलं नाही. तिने पट्टी नाकाशी नेली. पेट्रोलचा वास नव्हता.

राहिलं पाणी. ती स्वयंपाकघरात गेली. “आई, एक जुनं पातेलं दे. परत मागू नकोस.”

“तुम्हा बापलेकीला त्या गाडीपुढे माणसं दिसत नाहीत,” आई म्हणाली. ती खिडकीतल्या रोपांना पाणी घालत होती. पुदिना, मिरची, झेंडू. सगळी वरून कापलेल्या निळ्या डब्यांत.

तापल्या पातेल्यात तेलाचा थेंब पडला. पाणी असतं, तर तडतडला असता. थेंब गुपचूप पसरला आणि धुरकटला. पाणीही नव्हतं.

तिने बरोबर आणलेला गाळणकागद खिडकीच्या उजेडात धरला आणि तेव्हा तिला तो रंग दिसला. दोन महिने या इंजिनात फिरलेलं तेल डांबरासारखं व्हायला हवं होतं. हे चहाच्या रंगाचं होतं. तेलात मिसळत होतं ते तेलच. नवं तेल.

कागद खाली घेताना तिची नजर खिडकीवर गेली. चार डबे असायला हवे होते.

सात होते.

“आई, हे डबे तुला कोण देतं?”

“हेच देतात. पंधरा दिवस झाले की एक रिकामा होतो. कापूनही देतात बिचारे.” आईने मिरचीचं पिवळं पान खुडलं. “दर वेळी मला म्हणतात, आज पहिल्यांदाच तेल घातलं. मला वाटलं, थट्टा करतात.”

तिने गॅस बंद केला. बाहेर बॉनेटची दांडी करकरली. ती दारापर्यंत पोचली, तेव्हा बाबा इंजिनावर वाकले होते. हातात निळा डबा होता, झाकण उघडलेलं. तेल बारीक धारेने आत जात होतं. त्यांचा हात जराही हलत नव्हता. थेंबही बाहेर सांडला नाही. शेवटपर्यंत निथळू देऊन त्यांनी डबा सरळ केला, झाकण घट्ट बसवलं आणि फडक्याने हात पुसले.

“हे आईला दे, रोपाला होईल,” ते म्हणाले. “दोन महिने थेंब घातला नव्हता, म्हटलं आज घालावं.”

तिने डबा घेतला. मग पुढे होऊन गाडीच्या उघड्या खिडकीतून किल्ली काढून घेतली.

“मग? उद्या भिंगरी माझ्याबरोबर ना?” बाबांनी हसून विचारलं. “गाडी पास की नापास?”

“गाडी पास आहे, बाबा,” ती म्हणाली, आणि किल्लीवरची मूठ तिने आणखी आवळली.