पाडव्याची गाठी

भर शहरातल्या बागेत कडुनिंब फुलला होता. बाबा कुल्फी आणायला गेले आणि इकडे घसरगुंडीवरून उतरताना ओवीच्या गळ्यातली पाडव्याची साखरगाठी तुटून चिखलात पडली.

"आईने घातली असती तर तुटली नसती," ओवी पुटपुटली.

गाठी सकाळी मृणालने घातली होती. दोन महिन्यांपूर्वी ती या आईवेगळ्या पोरीच्या घरात लग्न करून आली होती. ओवी तिला अजून कुठल्याच नावाने हाक मारत नव्हती. "आण, धुऊन देते," म्हणत तिने गाठी नळाखाली धरून चांगली चोळली.

चिखल गेला, मागोमाग साखरही गेली. हातात नुसता ओला दोरा उरला.

ओवी दोऱ्याकडे बघत राहिली. मग मृणालचं चिकट बोट चाटून खुदकन हसली.

"साखर कुणी धुतं का, वेडाबाई? पुढच्या पाडव्याला मला विचार हं."