फुप्फुसाची जात

भीमराव ओव्हाळ यांची उंची चार फूट दहा इंच, असं संगणकाच्या पडद्यावर वाचलं आणि सोनालीचा चहाचा कप तोंडाशी येऊन थांबला. भीमराव तिचे वडील. येरवड्याच्या घरात शिरताना त्यांना रोज चौकटीपुढे वाकावं लागे. पंख्याची पाती ते जमिनीवर उभं राहून पुसत. पुढच्या रकान्यात वय होतं, बहात्तर. वडिलांना अजून निवृत्त व्हायला तीन वर्षं होती.

तिने कागदी फॉर्मांचा गठ्ठा सोडला. चार फूट दहा इंच आणि बहात्तर वर्षं शनिवार पेठेतल्या दुर्गाबाई लेले यांची निघाली.

चूक सापडायला दोन मिनिटं लागली. चारशे माणसांनी नळीत फुंकून आपला दम मोजून दिला होता. आधी येरवड्याच्या बौद्ध वस्तीतले दोनशे, मग शनिवार पेठेतल्या ब्राह्मण घरांतले दोनशे. परवा सोनालीने भाग आणि नाव हे दोनच रकाने इंग्रजी वर्णक्रमाने लावले. त्या क्रमात शनिवार आधी येतो, येरवडा मागून. नावं खालीवर झाली, मोजमापं जागच्या जागी राहिली. वस्तीचा दम पेठेच्या छातीत गेला आणि पेठेचा वस्तीच्या.

म्हणजे कालचा निकाल उलटा होता. दम पेठेचा कमी नव्हता. वस्तीचा कमी होता.

काल डॉक्टर मेहेंदळे यांनी तो निकाल दोनदा वाचला होता. संशोधन त्यांचं, संस्था त्यांची, घर शनिवार पेठेत. ‘हा फरक आनुवंशिक असावा’ हे वाक्य त्यांनी पहिल्या माणसाने नळीत फुंकण्याच्या चार महिने आधीच लिहून ठेवलं होतं. फक्त ते वस्तीसाठी होतं. काल त्यांनी ते स्वतःच्या हाताने खोडलं. मग रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलवर चालणाऱ्या रिक्षा, बोळातली कोंदट हवा, दारात तासन्‌तास सुरू राहणाऱ्या स्कूटर अशी कारणं त्यांना एका दमात सुचली. शेवटी खिडकीशी उभं राहून त्यांनी नवं वाक्य सांगितलं, "फुप्फुसाला जात नसते, आजूबाजूला धूर असतो."

"लिहिलंस?" त्यांनी विचारलं होतं. "ठळक अक्षरात घे."

आज बारा वाजता निबंध दिल्लीच्या परिषदेला ई-मेलने जायचा होता. सोनालीचा करार महिनाअखेरीस संपत होता. ती गप्प बसली, तर नोकरी राहील आणि तिच्या वस्तीवर छापील कलंकही येणार नाही. खोटं फक्त दोन रकान्यांचं होतं, आणि ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. बोलली, तर नोकरीही जाईल आणि कलंकही येईल. तिने घड्याळ पाहिलं. साडेनऊ. तिने रकाने दुरुस्त केले. मग आणखी एक हिशेब करायला घेतला. तो कुणी सांगितला नव्हता. अकरा वाजता ती कागद घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"सर, माझी चूक झाली. दोन्ही गटांच्या मोजमापांची अदलाबदल झाली होती."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आपण संख्याशास्त्रात एम. एस्सी. आहात ना? की तीही दुसऱ्याच कुणाची पदवी आपल्या रकान्यात आली?"

सोनालीने दुरुस्त निकालाचा कागद पुढे केला. डॉक्टरांनी कागद वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा खुलत गेला.

"म्हणजे कमी दम वस्तीचा! अगं, मी पहिल्यापासून काय म्हणत होतो?" त्यांनी खणातून जुना मसुदा काढला. "हे घे. आनुवंशिक. हेच वाक्य परत घाल."

"सर, धूर वस्तीतही आहे."

"धूर काय, सगळीकडेच असतो, सोनाली."

"काल फक्त पेठेत होता."

डॉक्टरांनी तिच्याकडे चष्म्याशिवायच बघितलं. सोनालीने दुसरा कागद पुढे सरकवला.

"प्रश्न अकरावा. स्वयंपाक कशावर करता. तुम्ही म्हणाला होतात, बायकी चौकशी आहे, तो रकाना भरू नकोस. आज सकाळी भरला. वस्तीत चौसष्ट घरी गॅस आहे. वय, उंची जमेला धरून त्या घरांतल्या माणसांचा दम पेठेइतकाच निघतो. कमी भरतो तो चूल आणि रॉकेलचा स्टो असलेल्यांचा. हे फॉर्म. हवे ते पंचवीस काढून तपासा."

डॉक्टरांनी पंचवीस काढले नाहीत, चाळीस काढले. आकडा तपासूनच मानायचा, हे शिकलेलं विसरणाऱ्यांतले ते नव्हते. एकेक आकडा त्यांनी पेन्सिलीने ताडून पाहिला. ओठ हलत होते. चाळिसावा फॉर्म खाली ठेवेपर्यंत पावणेबारा झाले. शिपाई डोकावून, निबंध पाठवायला फोनच्या तारेवर इंटरनेट जोडू का, तेवढा वेळ फोन बंद राहील, असं विचारून गेला.

"चूक तुझी," डॉक्टर शेवटी म्हणाले. आवाजात मघाची धार नव्हती. "त्यामुळे कालचा सगळा निष्कर्ष बाद. जात नसते, धूर असतो, ते सगळं. काढून टाकायला नको?"

"चूक माझ्या आकड्यांत होती, सर," सोनाली म्हणाली. "तुमचं वाक्य बरोबर होतं."