अ, ब आणि क

"नावं नकोत, सिस्टर," सर म्हणाले. "समजा एक अ आहे, एक ब आहे. करा सुरुवात."

उदाहरणात कुणाचं नाव घेतलं की सर दोन गुण कापायचे. नाव आलं की माणूस दिसतो, माणूस दिसला की दया येते आणि मग विचाराचं पार वाटोळं होतं, असं त्यांचं म्हणणं. तत्त्वज्ञानाच्या अर्धवेळ एम.ए.चा हा शनिवार दुपारचा वर्ग. पहिल्या वर्षी अकरा जण होते. घर आणि नोकरी सांभाळता सांभाळता बाकीचे गळाले आणि दुसऱ्या वर्षाला दोनच डोकी उरली: एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एक ही इस्पितळातली सिस्टर.

वॉर्डात तिने नुसता आवाज चढवला की तीस खाटा चिडीचूप व्हायच्या. इथे मात्र तिने बोलण्याआधी दोनदा वही उघडून मिटली. पर्समध्ये एक बंद पाकीट होतं. पाच वाजता ड्यूटी होती, आणि गेलेल्या पेशंटच्या सामानाची यादी आज कार्यालयात पोचलीच पाहिजे, असं मेट्रनने बजावलं होतं. पाकीट यादीत लिहिलं तर कार्यालय ते वरच्या पत्त्यावर धाडणार. म्हणजे काय ते पाचच्या आत ठरवायला हवं होतं.

"अ मरायला टेकलाय," ती म्हणाली. "क त्याची सेवा करते. ब हा अ चा मुलगा. ब सात वर्षांचा असताना अ ने घर सोडलं. सगळ्यांना वाटतं, पळून गेला. खरं तर ब च्या आईनेच त्याला जायला लावलं, आणि पोराला कधी सांगणार नाहीस अशी शपथ घातली. हे सगळं अ ने आता क कडून पत्रात लिहून घेतलं. पाकिटावरचं नाव तेवढं स्वतःच्या हाताने लिहिलं. आणि शेवटच्या दिवशी म्हणाला, देऊ नकोस, फाडून टाक. त्याची आई अजून आहे. या वयात तिला पोरापुढे मान खाली घालायला लावू नकोस. क ने वचन दिलं. अ गेला."

"आणि आता क च्याने फाडवत नाही," सर म्हणाले.

"नाही फाडवत."

पोस्टमास्तर मिशीत हसले. ही क कोण, हे शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं.

म्हाताऱ्याचा तिला लळाच लागला होता. तीन आठवड्यांत त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही. ती वही घेऊन बसली की तो विचारायचा, "आज काय शिकवलं?" मग ती सांगायची आणि तो डोळे मिटून ऐकायचा. तिच्या नवऱ्यानेही कधी तिचं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

"माझं ऐका," पोस्टमास्तर सरसावले. "पाकीट चिकटलं, वर नाव पडलं, की पत्र ब चं. छत्तीस वर्षं मी हेच केलंय."

"टपालात पडलंय कुठे ते?" सर म्हणाले. "लिहिणाऱ्याने ते परत घेतलंय."

"अहो, पण त्या ब ने काय घोडं मारलंय? जन्मभर बापाच्या नावाने बोटं मोडत बसणार तो!"

सरांनी खडू खाली ठेवला. "बसू दे. ज्याचा बाप गेला तो बापाशिवाय जगायला शिकतो. त्याची खपली काढा असं त्याने कुणाला सांगितलंय?" त्यांचा आवाज जरा चढला होता. "जिवंत माणसाला दिलेलं वचन मोडलं तर निदान त्याची माफी मागता येते. इथे माफ करणारा उरलेलाच नाही. क ने पत्र फाडायला हवं."

"आणि तुम्हीच ब असता तर?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

सिस्टरने पर्स घट्ट धरली.

"तरीही. आपली पाळी आली की बदलतो, तो कसला नियम?"

"नीट विचार करून सांगा ना, सर," सिस्टर म्हणाली. ती इतक्या काकुळतीने बोलली की पोस्टमास्तर वळून बघायला लागले.

"केलाय विचार," सर म्हणाले. "फाडायचं."

वर्ग सुटला. पोस्टमास्तर कुरकुरत निघून गेले. सरांनी तिला थांबवलं.

"पत्र जवळ आहे?"

"पर्समध्ये आहे."

"मग आत्ताच संपवा. पुढे ढकललंत की मन खात राहील."

शेजारच्या खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांच्या चिंध्या करणारं मशीन होतं. सरांनी बटण दाबलं. मशीन घरघरायला लागलं. सिस्टरने पाकीट बाहेर काढलं तसे सर पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"मला पत्ता दिसायला नको. नाव दिसलं की मीसुद्धा पाघळेन."

"एकदा बघा ना, सर. फक्त एकदा."

"अजिबात नाही."

तिच्या मनात आलं, यांनी नुसती मान वळवली तरी देऊन टाकीन, मग वचनाचं काय व्हायचं ते होवो. तेवढ्यात सरांचा फोन वाजला.

"हो आई, निघालोच. चष्मा काढून ठेव, डॉक्टर डोळ्यांत थेंब घालतील... अगं, नाही विसरलो. तुला सोडून मला दुसरं आहे कोण?"

सर बराच वेळ हसून बोलत होते. त्यांना इतकं मऊ बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. तिला रडू फुटायच्या बेतात होतं. तिने डोळे पुसले आणि पाकिटाची डावी कड मशीनच्या फटीत सरकवली.

म्हाताऱ्याचं अक्षर फार वाकडंतिकडं होतं, पण वाचता येत होतं. आधी सरांचं नाव आत गेलं, मग म्हाताऱ्याचं, आणि शेवटी दोघांचं आडनाव.