दुसरी पट्टी

अच्युत वारल्यावर त्याचं मन घरच्या कॉम्प्युटरवर चालायचं. मेमरीच्या एका पट्टीत पहिली बायको सुलभाबरोबरची वर्षं होती, दुसरीत वैजयंतीबरोबरची. हल्ली मशीन अर्ध्या वाक्यात हँग व्हायचं.

"दोन्ही पट्ट्यांचं जमत नाहीये, वहिनी. एकेक लावून बघा," दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला.

वैजयंतीने आधी सुलभाचीच पट्टी उपटली. तिला हेच तर हवं होतं. मग आपली पट्टी खोडरबराने लख्ख घासून तिने खटकन बसवली. मशीन झटक्यात सुरू झालं.

"वैजू, तुझा चहा छानच असायचा," अच्युत म्हणाला. रोज इथेच तो अडकायचा. आज अडकला नाही.

"पण पिताना रोज सुलभाच आठवायची."