दाराचा प्रश्न

हवेतला रोग ओळखणाऱ्या यंत्राने सकाळीच बापट मॅडमना बाधित ठरवलं आणि कचेरीची दारं आपोआप बंद झाली. बाहेर पडायचं तर दार एकच प्रश्न विचारायचं, "तुम्ही त्यांच्या जवळ होतात का?" नाही म्हणणारे सुटत होते.

हर्षदाने कालच मॅडमच्या डब्यातली भाजी खाल्ली होती. काचेपलीकडे तिचा नवरा मिलिंद चार महिन्यांच्या लेकीला घेऊन उभा होता.

"अगं, नाही म्हण आणि ये लवकर. भुकेनं रडतेय ही," तो फोनवर म्हणाला.

"तिला वरचं दूध दे," हर्षदा म्हणाली आणि दाराकडे वळून तिने "हो" म्हटलं.

पडद्यावर 'चौदा दिवस' उमटलं. जाड काचेतून बाळाचं रडणं ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. तरीही हर्षदाचा कुर्ता दुधाने भिजत गेला.